विमानाचं बीपी

सिस्टर चहाचा थर्मास घेऊन शेडमध्ये शिरली, तेव्हा तिचा नवरा विमानात बसून पेट्रोलच्या दाबाच्या तबकडीवर स्टिकर चिकटवत होता. पिवळं, गोल, हसऱ्या चेहऱ्याचं. खाली हवेचा फुगा राहू नये म्हणून तो ते अंगठ्याने मन लावून दाबत होता.

“हे काय चाललंय?”

“काटा खोटं बोलतो,” नवरा म्हणाला. “उद्या वर गेल्यावर मला खोटारड्याचं तोंड बघायचं नाही. हा बघ कसा छान हसतोय.”

शेडच्या दुसऱ्या टोकाला तिचा धाकटा भाऊ उलट्या बादलीवर बसला होता. विमानाची किल्ली त्याने शर्टाच्या खिशात टाकली होती आणि छातीत कळ आल्यासारखा वरून हात दाबून धरला होता.

“ताई, दाजींना सांग, काटा खरंच बोलतोय. पंप मरायला टेकलाय.”

“तुझ्या भावाला सांग, पंप नवाकोरा आहे. त्याच्या वायरिंगला वेड लागलंय.”

“मी चहा घेऊन आलेय,” सिस्टर म्हणाली. “टपाल वाटायला नाही.”

तिला सगळे सिस्टरच म्हणत. नोकरीभर ती वॉर्डची मुख्य नर्स होती, आणि निवृत्तीनंतर नोकरी सुटली तरी हाक काही सुटली नाही. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत, कारण गावातल्या अर्ध्या इमारतींचे नळ त्याने बसवले होते. भावाचं नाव ठिणगी. पहिल्याच कामात त्याने अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले होते, तेव्हापासूनचं. पुढे तो उत्तम इलेक्ट्रिशियन झाला, पण उत्तम होण्याने नावं बदलत नाहीत.

इतर बायकांचे नवरे निवृत्त झाल्यावर बागकाम करतात, फार तर पेटी शिकतात. मिस्त्रीने विमानाचे सुटे भाग मागवले. खोकी आली, आणि शेड मिळेपर्यंत त्यांतला एक पंख जेवणाच्या टेबलावर राहिला. सिस्टर त्याच्या कडेला ताट ठेवून जेवायची. पाहुणे विचारायचे, “हे काय?” ती म्हणायची, “ह्यांचं मन.” शेपटी पलंगाखाली होती. पत्रे जोडायच्या रिबिटी तर अजूनही केर काढताना सापडायच्या.

हाताला कुणीतरी हवं म्हणून मिस्त्रीने मेहुण्याला बोलावलं, आणि पहिल्याच आठवड्यात दोघांचं वाजलं. तेव्हा सिस्टरनेच वाटणी करून दिली. ज्यातून काहीतरी वाहतं ते मिस्त्रीचं, ज्यातून काहीच वाहताना दिसत नाही ते ठिणगीचं. टाक्या, नळ्या, पंप, जोड एकाकडे, वायरी, बटणं, तबकड्या दुसऱ्याकडे. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही आणि तोंडही लावायचं नाही. दोन्ही पुरुषांना ही वाटणी इतकी आवडली की त्यांनी ती धर्मासारखी पाळली. विमान त्यामुळेच पुरं झालं, असं सिस्टर आजवर अभिमानाने सांगत आली होती.

सरकारी तपासनीस येऊन सही करून गेला, त्या दिवशी काटा शहाण्या मुलासारखा साडेचार पौंडांवर उभा होता. त्याची गाडी फाटकाबाहेर पडली आणि काट्याला थेरं सुचली. इंजिन हळू चालू असलं की साडेचार. पूर्ण जोर दिला की तीन, दोन, दीड, मध्येच चार, परत दीड. दीड पौंड दाब म्हणजे इंजिनला पेट्रोल पुरत नाही. आणि पूर्ण जोर लागतो तो नेमका जमीन सोडताना.

मग दोघांनी आपापल्या राज्यात डागडुजी केली. मिस्त्रीने पंप बदलला, फिल्टर बदलला, टाकीत हवा शिरायची नळी फुंकून बघितली. ठिणगीने वायर बदलली, तबकडी बदलली, इंजिनाजवळचा दाब मोजणारा सेन्सरही नवा मागवला. तो नळीत बसतो, म्हणून बसवला मात्र मिस्त्रीने. काटा तसाच नाचत राहिला. आता दोघांकडेही बदलायला स्वतःचं काही उरलं नव्हतं. उरला होता फक्त समोरचा माणूस.

“उद्याचं पुढे ढकला,” ठिणगी म्हणाला.

“दोनदा ढकललंय,” मिस्त्री विमानातूनच ओरडला. “आधी वाऱ्यामुळे, मग तपासनीसाच्या दाढदुखीमुळे. माझ्या अक्काने यायची पिशवीसुद्धा भरली असेल. शेजारच्या शेडमधला तो टक्कल्या रोज येऊन विचारतो, मिस्त्री, अंडी कधी देणार हे? उद्या मी उडणार म्हणजे उडणार. एकटाच तर जायचंय. पहिल्या उड्डाणाला दुसरं कुणी बसायचंच नसतं.”

“एकटेच जायचंय म्हणे,” सिस्टर पुटपुटली. धावपट्टी जिथे संपत होती तिथून झाडं सुरू होत होती, थेट टेकडीपर्यंत. वर चढताना इंजिन बंद पडलं तर तिथे विमान टेकवायला चादरीएवढीही मोकळी जागा नव्हती. हे तिने शेड भाड्याने घेताना पहिल्याच दिवशी बघून ठेवलं होतं, जसं ती नव्या वॉर्डात गेल्यावर आधी ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे आहे ते बघायची.

तिने चहा ओतला. दोघांना दिला. स्वतः खोक्यावर बसली आणि विचारलं, “मला एक सांगा. दाब खरंच पडतो की काटा नुसताच पडतो, हे तुमच्यापैकी कुणी बघितलंय?”

“त्यात बघायचं काय?” मिस्त्री म्हणाला. “दिसतंच आहे.”

“त्यात बघायचं काय?” ठिणगी म्हणाला. “दिसतंच आहे.”

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

“वॉर्डात एखाद्याचं बीपी अचानक साठ दिसलं,” सिस्टर म्हणाली, “आणि तो गडी उठून बसून बिस्किटं मागत असला, तर आम्ही त्याला सलाईन लावत नव्हतो आणि घरीही सोडत नव्हतो. दुसरं यंत्र आणून परत बघायचो. तुमच्याकडे दुसरं यंत्र कुठाय?”

मिस्त्री स्टिकरकडे बघू लागला. ठिणगी बादलीकडे.

“तसला गेज मागवायला आठवडा जाईल,” ठिणगी म्हणाला.

“साडेचार पौंड म्हणजे पाऱ्याचे किती?”

ठिणगीने मोबाइलवर हिशेब केला. “दोनशे तेहतीस मिलिमीटर.”

“माझं यंत्र तीनशेपर्यंत दाखवतं,” सिस्टर म्हणाली, आणि गाडीतून आपली पिशवी आणायला निघाली.

“अगं, ते माणसांचं आहे!” मिस्त्री मागून ओरडला. “माझ्या विमानाला तू बीपीचं यंत्र लावणार? लोक काय म्हणतील?”

“लोक तुमच्या विमानाला कोंबडी म्हणतात. आणखी काय म्हणायचं राहिलंय?”

यंत्र जुनंच होतं, घड्याळासारख्या तबकडीचं. तिने दंडाला बांधायचा पट्टा आणि रबरी फुगा काढून ठेवला, नुसती तबकडी हातात धरली. आता मिस्त्रीला राहवेना. कुठल्याही नळीला कुठलीही दुसरी नळी जोडायची म्हटलं की त्याचा राग पाघळायचा. त्याने पेट्रोल चालेल अशी पारदर्शक नळी कापली, सेन्सरच्या अलीकडच्या नळीत एक टी-जोड घातला, आणि तोंडाने शीळ घालत नळी केबिनपर्यंत आणली.

“पेट्रोल तबकडीत शिरलं तर?” ठिणगीने विचारलं. दाजींना नाही, हवेला.

“नाही शिरणार,” मिस्त्री हवेला म्हणाला. “नळी उभी धरायची. पुढे कोंडलेली हवा आहे ना. ती दबेल, पण जाणार कुठे? पेट्रोल फार तर पाव नळी चढेल आणि थांबेल. दाब मात्र हवेतून पुरा पोचेल.”

सिस्टरने मनात नोंद घेतली की मूर्खपणा करत नसला की आपला नवरा हुशार आहे.

विमान बाहेर ढकललं. शेपटी खांबाला बांधली, चाकांना लाकडं लावली. ठिणगीने खिशातली किल्ली सिस्टरच्या हातात दिली, मिस्त्रीच्या नाही, आणि स्वतः आग विझवायचं नळकांडं घेऊन बाजूला उभा राहिला. सिस्टर शेजारच्या सीटवर बसली. वरचं झाकण उघडंच ठेवलं होतं. तिने किल्ली नवऱ्याला दिली, स्टिकर नखाने सोलून त्याच्याच शर्टाला चिकटवलं, आणि एका हातात तबकडी उंच धरली.

इंजिन खोकलं आणि सुरू झालं. विमानाचा काटा साडेचारवर. तिच्या हातातली तबकडी दोनशे तीस. नळीत पेट्रोल थोडं चढून थांबलेलं.

“वाढवा!” ती ओरडली.

पंख्याचा आवाज कानात घुसला. सीट, दात, चष्मा, सगळं थरथरायला लागलं. विमानाचा काटा घसरला. तीन. दोन. दीड. सिस्टरला तो आकडा बघून आपोआप कुणाला तरी हाक मारावीशी वाटली. मग तिने हातातल्या तबकडीकडे पाहिलं. दोनशे तीस. जरासा थरथरणारा, पण दोनशे तीसच. तिने नळीला टिचकी मारून बघितलं. नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि दोन्हींकडे बोट दाखवलं. मिस्त्रीचा चेहरा त्याच्या शर्टावरच्या चेहऱ्यासारखा हसरा आणि गोल होत गेला.

इंजिन बंद झालं तेव्हा तो जवळजवळ उडी मारूनच खाली उतरला.

“दोनशे तीस! ऐकलं का मेहुणेबुवा? दोनशे तीस! पंप मरतोय म्हणे. पंप तुझ्या तेराव्यालाही चालू असेल!”

ठिणगीने नळकांडं खाली ठेवलं, विमानाच्या नाकावरचं झाकण काढलं आणि सेन्सरकडे डोळे बारीक करून बघत राहिला. सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी पितळी डबी. एका बाजूने पेट्रोलच्या नळीत आटे फिरवून बसवलेली, दुसऱ्या बाजूला एकच वायर.

“ताई,” तो सावकाश म्हणाला, “ह्याला एकच वायर आहे. करंट वायरीतून येतो आणि डबीच्या अंगातून नळीत, नळीतून इंजिनात परत जातो. म्हणजे अर्थिंग अंगातून. दाब वाढला की ह्याचा रोध कमी होतो. पण अर्थिंग कच्चं असेल, तर तो रोध वर जाऊन बसतो, आणि तबकडीला वाटतं, दाबच कमी झाला.”

“मग तू आधी का नाही बघितलंस?”

“बघितलं की! मीटर लावला, पीं वाजलं. पण तेव्हा इंजिन बंद होतं. थरथरताना सुटत असणार.”

त्याने डबीच्या अंगाला एक वायर आवळली, दुसरं टोक इंजिनाला. पुन्हा इंजिन सुरू, पुन्हा पूर्ण जोर. ह्या वेळी विमानाचा काटा साडेचारवर असा उभा राहिला, जणू आयुष्यात कधी वाकडं पाऊल टाकलंच नाही.

खाली उतरल्यावर दोघे पुरुष एकमेकांसमोर उभे राहिले आणि काय करावं ते न सुचून दोघांनी एकमेकांच्या पाठीवर धपाटे मारले. सिस्टरने इतकं प्रेम त्यांच्यात लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

“म्हणजे काटा खोटाच होता,” मिस्त्री म्हणाला. “मी म्हणालो होतो.”

“म्हणजे वायरिंग ठीक होतं,” ठिणगी म्हणाला. “मीही म्हणालो होतो.”

“म्हणजे उद्या उडायचं!”

“उडा, दाजी. माझी काही हरकत नाही.”

सिस्टर चहाच्या कपात बिस्किट बुडवत होती. ते मऊ होऊन तुटलं आणि बुडालं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

“एक विचारू का?” ती म्हणाली. “डबी पितळेची, नळीचं तोंड लोखंडाचं. धातू धातूत पिळून बसवलाय. मग अर्थिंग कच्चं कसं? मध्ये काय आहे?”

ठिणगीने वर पाहिलं. मिस्त्रीला एकाएकी थर्मासच्या झाकणात फार रस वाटू लागला. तो ते उलटसुलट करून बघायला लागला.

ही नजर सिस्टरच्या चांगल्या ओळखीची होती. ‘गोळी घेतली का?’ म्हटल्यावर ‘हो’ म्हणणारा, आणि उशीखाली चार गोळ्या ठेवणारा पेशंट अशीच नजर फिरवतो.

“अहो.”

“काय?”

“काय लावलंय तिथे?”

“काही नाही. थोडीशी टेप.”

“कसली टेप?”

“नळाची. पांढरी. आट्यांवर गुंडाळतात ती. दोनच वेढे.” मग जरा थांबून, “चारेक.”

ठिणगीने कपाळावर हात मारला. “दाजी! सुट्या भागांबरोबरच्या पुस्तकात लाल अक्षरात लिहिलंय, पेट्रोलच्या जोडाला टेप लावायची नाही म्हणून! ते पातळ लुकण लावायचं. डबा दिलाय त्यांनी!”

“पुस्तक लिहिणाऱ्याने किती नळ बसवलेत?” मिस्त्री उसळला. “उघड्या आट्यावर मी आयुष्यात जोड आवळलेला नाही. हातच चालत नाही माझा. आणि गळतोय का एक तरी जोड? दाखव! टिपूस दाखव!”

“अहो,” सिस्टर म्हणाली. “आणखी कुठे लावलीय?”

“तिथेच फक्त.”

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. वॉर्डात ह्या उपायाला औषधाचा खर्च नसे.

“सगळीकडे,” मिस्त्री म्हणाला.

“ठीक आहे ना, ताई,” ठिणगी मध्येच म्हणाला. तो अजून निर्दोष सुटण्याच्या आनंदात होता. “अर्थिंगची वायर मी टाकलीय. काटा आता खरं सांगणार. बाकीच्या जोडांतून कुठे करंट जायचाय? आणि ते जोड दाजींचे. मी काही बोलणार नाही.”

इथे सिस्टरला आपणच करून दिलेल्या वाटणीचा पहिल्यांदा राग आला. ज्या जागी दोघांपैकी कुणी बघणार नाही, नेमकी तीच जागा तिने अनेक वर्षांपूर्वी मोठ्या शहाणपणाने आखून दिली होती.

“पुस्तकात टेप नको असं का म्हटलंय? अर्थिंगसाठी?”

ठिणगीने डोकं खाजवलं. “नाही. सेन्सर तर एकच आहे… टेपचे तुकडे सुटतात म्हणून, बहुतेक. आत जातात.”

“माझी टेप सुटत नाही,” मिस्त्री म्हणाला.

“मग एक जोड उघडा,” सिस्टर म्हणाली. “कार्ब्युरेटरच्या आधीचा शेवटचा.”

“तो गळत नाही.”

“गळतो का असं मी विचारलेलंच नाही.”

“अगं, चांगला बसलेला जोड उघडायचा नसतो! त्याला कळतं!”

“मला त्याचं काही वाटत नाही,” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि दोघेही पुरुष जरा सरळ उभे राहिले. “मी उद्या धावपट्टीच्या त्या कठड्यापाशी उभी राहणार आहे. अक्का माझ्या शेजारी असणार. तुम्ही झाडांवरून जाल तेव्हा अक्का विचारणार, सगळं ठीक आहे ना गं? तेव्हा मला खरं उत्तर द्यायचंय. तुम्हाला वाटतंय म्हणून नाही, ह्याला वाटतंय म्हणून नाही. बघितलंय म्हणून. उघडा.”

मिस्त्रीने पाना उचलला. तिला खोटं पाडायचं ह्या एकाच हेतूने उचलला, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. पेट्रोलचा कॉक बंद केला, खाली डबा धरला, जोड सोडवला. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी करंगळीच्या नखाएवढी बारीक जाळी होती. ती त्याने काढून उन्हात धरली.

“बघ. स्वच्छ…”

तो थांबला.

जाळीवर एक पांढरा धागा वेटोळं घालून बसला होता. मिस्त्रीने नखाने एक टोक धरून ओढलं. धागा येत गेला, ओला, चिवट, शेवयासारखा लांब. त्याच्या मागे आणखी एक, छोटा. अर्धी जाळी बुजली होती.

ठिणगीच्या तोंडावर चांगले चार-पाच टोमणे येऊन उभे राहिलेले सिस्टरला दिसले. त्याने ते गिळले. त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

मिस्त्रीने जाळी तळहातावर घेतली. मग विमानाच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला. उद्या जमीन सोडून झाडांपर्यंत जायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात उरलेली अर्धी जाळी कशी बुजली असती, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बुजलेल्या नळ्यांवरच त्याने घर बांधलं होतं.

“काटा साडेचारच दाखवत राहिला असता,” तो म्हणाला. “जाळीच्या अलीकडे दाब तसाच राहतो. पलीकडे काही नसतं.”

“हो,” ठिणगी म्हणाला.

“म्हणजे काटा नाचला नसता तर…”

“हो, दाजी.”

सिस्टर त्याच्या शेजारी बसली. तिचे गुडघे कुरकुरले. आता पाठीवरून हात फिरवावा की कानाखाली द्यावी, हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने त्याच्यासमोर चहा धरला. तो गार झाला होता. त्याने तो तसाच प्यायला.

मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि बहिणीला लावला. अक्काला ऐकायला कमी येत असल्याने ती कायम ओरडूनच बोलायची, त्यामुळे सगळ्या शेडला तिचं ऐकू येत होतं.

“अक्का, उद्या येऊ नकोस. नाही, उडत नाहीये.”

“वारा आहे का?”

“वारा नाही.”

“दाढ दुखतेय का त्याची?”

“नाही गं. मी चूक केलीय. मी. सगळे जोड उघडायला लागणार आहेत.” त्याने विमानाकडे पाहिलं. “सगळे म्हणजे टाकीपासून.”

अक्का ओरडली, “ती आहे का तिथे? तिला दे. तू धड सांगणार नाहीस.”

सिस्टरने मोबाइल घेतला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. शेडपासून लांब, कठड्यापाशी गेली, कारण हे सगळं तपशीलवार, नवऱ्याच्या हावभावांसकट सांगायचं होतं आणि त्यात मध्ये कुणी बोललेलं तिला चाललं नसतं.

मागे पान्यांचा आवाज सुरू झाला होता. ठिणगी बाह्या सरसावून पेट्रोलच्या नळीखाली आडवा झाला होता, जिथे त्याला अनेक वर्षं मज्जाव होता.

“दाजी, हा पुढचा. धरा.”

“अरे, उलटा फिरवतोयस! ही वायर आहे का? पिळू नकोस, सोड… हळू! लाडाने!”

“किती वेढे मारलेत हो? चार म्हणाला होतात.”

“मोज की मग.”

“सात!”

“मोठा जोड आहे तो,” मिस्त्री म्हणाला.